ग्रुपचा फिल्टर किती कडक ठेवायचा?

पाऊस दोन दिवस लागून राहिला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या, वस्त्यांच्या आणि लोकलच्या प्रवाशांच्या ग्रुपवर दोन तक्रारी एकदमच सुरू होतात. पहिली अशी : "कुठल्या तरी जुन्या पुराचे व्हिडिओ आत्ताचे म्हणून येताहेत, ॲडमिन बघत का नाहीत?" दुसरी अशी : "सबवेत पाणी भरल्याचं मी खरंखुरं टाकलं, तेवढंच कसं अडकलं?" दोन्ही तक्रारी रास्त असतात. पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकाच सेटिंगमध्ये असतं, आणि एक मिटवायला जावं तर दुसरी वाढते.

निवडणूक लागली, इमारतीच्या पुनर्विकासाचा वाद पेटला, मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली, की हेच पुन्हा होतं. वैतागलेले ॲडमिन एके रात्री फिल्टर करकचून आवळतात, आठवड्याभरात ओरड झाली की पुन्हा सैल सोडतात. फिल्टर किती कडक असावा याचं एक साधं गणित आहे. ते कळलं की हा निर्णय रागाच्या भरात घ्यावा लागत नाही.

फिल्टर लागतो कुठे?

मेसेज चार ठिकाणी अडवता येतो. पहिलं ठिकाण दारावरच : ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचं ते तपासून. दुसरं, मेसेज दिसण्याआधी : ॲडमिनने मंजूर केला तरच तो इतरांना दिसतो. तिसरं, यंत्राकडून आपोआप : शब्द, लिंक, फोन नंबर बघून. चौथं, मेसेज दिसल्यानंतर : कोणी तक्रार केली की ॲडमिन तो उडवतो.

कोणत्या ॲपवर यातलं काय मिळतं हे आधी पाहावं लागतं. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून मेसेज कुलूपबंद जातात, म्हणजे पाठवणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये कंपनीलाही मजकूर दिसत नाही. त्यामुळे तिथे मजकूर वाचून अडवणारा फिल्टर कंपनीच्या सर्व्हरवर बसूच शकत नाही. ॲडमिनच्या हातात काय असतं? 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय २०१८ मध्ये आली, कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी उडवण्याचा अधिकार २०२२ मध्ये, आणि नव्या सदस्याला मंजुरी देण्याची सोय २०२३ मध्ये. फेसबुक ग्रुपला मात्र 'ॲडमिन असिस्ट' आहे : लिंक असेल तर नाकार, अमुक शब्द असेल तर थांबव, असे नियम लावता येतात, शिवाय आत येणाऱ्याला तीन प्रश्न विचारता येतात. टेलिग्रामवर बॉट, म्हणजे ठरवलेल्या नियमाने आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम, बसवता येतो आणि 'स्लो मोड' लावता येतो. स्लो मोडमध्ये एकाच माणसाला दोन मेसेजांत काही सेकंदांपासून तासाभरापर्यंत थांबावं लागतं.

शब्दांची यादी इतकी का फसते?

बहुतेकांचा पहिला प्रयोग हाच असतो. शिव्या, 'लोन', 'गुंतवणूक', 'कमवा', अशी यादी करायची आणि त्यातला शब्द दिसला की मेसेज बंद. आठ दिवसांत तिचे दात दिसतात.

यंत्र अर्थ बघत नाही, अक्षरांची ओळ बघतं. 'साला' यादीत टाकला की 'मसाला' अडकतो, आणि घरगुती मसाले विकणाऱ्या बाईंना आपली पोस्ट कुठे गेली ते कळत नाही. 'मूत' टाकला की मूतखड्यासाठी चांगला डॉक्टर विचारणारा अडकतो. 'व्हरांडा' या शब्दाच्या पोटात एक जुनी शिवी बसलेली आहे. 'भाडं', 'भाडेकरू', 'भाडेवाढ' हे शब्द ज्या दोन अक्षरांनी सुरू होतात त्यांनीच आणखी एक शिवी सुरू होते, आणि मुंबईतल्या कोणत्याही वस्तीच्या ग्रुपवर रोज सकाळी उठून भाड्याबद्दलच बोललं जातं. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची तर आणखी पंचाईत : 'चटणी'चं इंग्रजी स्पेलिंग आणि 'गांधीनगर'चं स्पेलिंग, दोन्हींची पहिली चार अक्षरं हिंदी शिव्यांशी जुळतात. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना १९९६ मध्ये गावाच्या नावात दडलेल्या अशाच एका शब्दामुळे इंटरनेटचं खातं उघडता येत नव्हतं. तेव्हापासून या चुकीला त्या गावाचंच नाव पडलं आहे.

यावर उपाय म्हणून 'पूर्ण शब्द जुळला तरच पकड' असं सेटिंग असतं. मराठीत तेही सरळ चालत नाही. अनेक साधनांमध्ये 'शब्द' म्हणजे काय हे ठरवताना काना, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं धरलीच जात नाहीत. मग 'भाडं'मधला अनुस्वार हे यंत्राला शब्दाबाहेरचं चिन्ह वाटतं आणि शब्द 'ड'वरच संपला असं ते समजतं. साधन नीट असलं, तर अडचण उलट बाजूने येते. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते. यादीत 'लोन' आहे, पण मेसेजमध्ये 'लोनसाठी' आहे. यादीत 'गुंतवणूक' आहे, पण मेसेजमध्ये 'गुंतवणुकीवर' आहे, म्हणजे शेपूट तर लागलंच, वर दीर्घ 'णू'चा ऱ्हस्व 'णु' झाला. दोन्ही रूपं यादीत हाताने घालावी लागतात.

एक बारीक गोष्ट आणखी. 'ॲप'मधला पहिला स्वर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो : एक अखंड अक्षर म्हणून, किंवा 'अ' आणि वरचा चंद्र अशी दोन चिन्हं मिळून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. 'ऱ'चंही तसंच आहे. फरक एवढाच, की 'ऱ'ची दोन रूपं युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं संगणकात साठवण्याच्या जागतिक पद्धतीच्या, प्रमाणीकरणात आपोआप एक होतात आणि 'ॲ'ची होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. बॉट लिहून देणाऱ्याला हे आधीच सांगा, कारण इंग्रजीवर चाचणी घेणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

आणि ज्याला फसवायचंच आहे, तो मेसेज फोटोत लिहून पाठवतो. यादीला फोटोतलं काही वाचता येत नाही. थोडक्यात, यादी साध्या माणसाला अडवते आणि तयारीने आलेल्याला सोडते. म्हणून ती छोटी ठेवावी, वीस-पंचवीस शब्दांच्या वर जाऊ देऊ नये.

गुण देणारा फिल्टर

यादीपेक्षा शहाणा प्रकार म्हणजे मेसेजला गुण देणारा फिल्टर. ईमेलमधला कचरा ओळखण्यासाठी १९९८ पासून त्यावर संशोधन प्रसिद्ध होत गेलं आणि २००२ नंतर तो घरोघरी पोचला. त्यामागचा नियम अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा. फिल्टर पूर्वीचे चांगले आणि वाईट मेसेज बघतो आणि प्रत्येक शब्द कोणत्या बाजूला जास्त आढळतो ते मोजतो.

उदाहरण घेऊ. समजा 'गुंतवणूक' हा शब्द शंभर वाईट मेसेजांपैकी ४० मध्ये आणि शंभर चांगल्यांपैकी दोघांत आढळतो. म्हणजे तो वाईटाकडे वीस पटीने झुकलेला. पण तुमच्या ग्रुपवर शंभरातले दोनच मेसेज वाईट असतात. म्हणजे सुरुवातीलाच पारडं ९८ विरुद्ध २ असं चांगल्याकडे कललेलं आहे. २ ला विसाने गुणलं तर ४० विरुद्ध ९८ होतं. याचा अर्थ, नुसता 'गुंतवणूक' शब्द असलेला मेसेज वाईट असण्याची शक्यता साधारण २९ टक्के. तेवढ्यावर कोणाला अडवणं अन्याय आहे. त्याच मेसेजमध्ये 'हमखास परतावा' असेल आणि ते शब्द वाईटाकडे तीस पटीने झुकलेले असतील, तर शक्यता ९२ टक्क्यांवर जाते. शिवाय 'लेखापरीक्षण' असा एखादा शब्द आला, जो चांगल्या मेसेजांत चौपट आढळतो, तर ती ७५ पर्यंत उतरते. पुनर्विकासातल्या गुंतवणुकीबद्दल लिहिणारा सदस्य सुटतो तो असा.

आता खरा प्रश्न. किती गुणांना अडवायचं? ७५ ला की ९२ ला? हा आकडा म्हणजेच फिल्टरचा कडकपणा. यंत्र गुण देतं, पण हा उंबरठा माणसालाच ठरवावा लागतो.

९५ टक्के अचूक, तरी अडकलेल्यांत बहुतेक निर्दोष

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, म्हणून आकडे सावकाश पाहा. ग्रुपवर दिवसाला ३०० मेसेज, म्हणजे महिन्याला ९,०००. त्यातले दोन टक्के, म्हणजे १८०, खरोखर वाईट. फिल्टर ९५ टक्के अचूक, म्हणजे वाईटांपैकी ९५ टक्के पकडतो आणि चांगल्यांपैकी ९५ टक्के सोडतो.

वाईट १८० पैकी १७१ पकडले, ९ निसटले. झकास. पण चांगले मेसेज ८,८२० आहेत आणि त्यांचे पाच टक्के होतात ४४१. एकूण अडकले ६१२, त्यातले ४४१ निर्दोष. म्हणजे अडकलेल्या दर शंभरांत ७२ जणांनी काही केलेलंच नाही. फिल्टर वाईट आहे म्हणून असं झालं नाही. चांगले लोक संख्येने फार जास्त आहेत, म्हणून झालं.

उंबरठा वर नेला आणि फिल्टर जरा सैल झाला असं धरू. आता तो वाईटांपैकी ७० टक्केच पकडतो, पण चांगल्यांपैकी अर्धा टक्काच चुकून अडवतो. मग १२६ वाईट पकडले, ५४ निसटले, आणि निर्दोष अडकले फक्त ४४. आधी दिवसाला सरासरी पंधरा लोक विनाकारण अडकत होते, आता दीड. त्या बदल्यात दिवसाला दीड वाईट मेसेज जास्त दिसतो. हा सौदा कोणत्या ग्रुपला परवडतो ते त्या वाईट मेसेजने काय बिघडतं त्यावर आहे. गुड मॉर्निंगचा फोटो निसटला तर काही बिघडत नाही.

अडकलेलं काढणार कोण?

पावसाळ्याआधी नाल्यांच्या तोंडाशी कचरा अडवायला जाळ्या बसवतात. जाळी जितकी बारीक तितका कचरा जास्त अडतो, आणि तितक्याच वेळा ती कोणीतरी उतरून साफ करावी लागते. साफ करणारा नसला तर बारीक जाळीच पाणी तुंबवते. फिल्टरचं नेमकं हेच होतं, आणि कडकपणाचा निर्णय घेताना हीच गोष्ट सगळ्यात आधी विसरली जाते.

एक मेसेज वाचून, समजून, निर्णय घ्यायला सरासरी वीस सेकंद धरा. दिवसाला ३०० मेसेज मंजुरीसाठी येत असतील तर १०० मिनिटं लागतात. दोन ॲडमिन असतील तर प्रत्येकी पाऊण-एक तास, नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून. मुसळधार पावसाच्या दिवशी तेच १,५०० झाले तर ५०० मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त. इतका वेळ कोणाकडे नसतो. मग रांग साचते, ॲडमिन कंटाळून रात्री सगळं एकगठ्ठा मंजूर करतात किंवा एकगठ्ठा उडवतात. कडक फिल्टरचा शेवट असा फिल्टर नसल्यासारखाच होतो.

उशिराचं नुकसान वेगळंच. 'हिंदमाताला गुडघाभर पाणी' हा मेसेज सकाळी साडेनऊला खरा असतो. तो साडेबाराला मंजूर होऊन दिसला तर तोवर पाणी ओसरलेलं असू शकतं. लिहिणारा खरं बोलला होता, रांगेने त्याची अफवा केली. म्हणून रेल्वे, रस्ते, पाणी, वीज यांच्या ग्रुपवर आधी मंजुरी हा प्रकार ठेवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे नंतर उडवण्याची व्यवस्था मजबूत करावी.

सगळ्या चुका सारख्या महाग नसतात

एकच कडकपणा सगळ्या मेसेजांना लावणं ही मोठी चूक. प्रत्येक प्रकारासाठी दोन प्रश्न विचारा : हा निसटला तर काय होईल? आणि हा चुकून अडकला तर काय होईल?

एपीके फाइल घ्या, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावांनी या फायली येतात. फोनमध्ये बसल्या की ओटीपी वाचतात आणि खातं रिकामं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर अशी फाइल पाठवण्याचं रास्त कारण सापडत नाही. म्हणजे चुकून अडकण्याचं नुकसान जवळपास शून्य आणि निसटण्याचं प्रचंड. इथे शंभर टक्के कडक व्हा, तपासणीचीही गरज नाही. आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो आणि कोणाचीही खासगी छायाचित्रं याच वर्गात.

आता फोन नंबर घ्या. दलालांच्या जाहिराती थांबवायला 'फोन नंबर असलेला मेसेज अडवा' हा नियम सर्रास लावतात, आणि एरवी तो बरा चालतो. पण २९ ऑगस्ट २०१७ ला शहर पाण्यात गेलं तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांसाठी घरं उघडली, गुरुद्वारांनी दारं उघडली, आणि ते सगळं सोशल मीडियावरून पत्ते आणि फोन नंबर टाकूनच कळलं. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन आणि खाटांसाठी फिरणाऱ्या प्रत्येक विनंतीत फोन नंबर होता, 'तातडीचं' होतं, उद्गारचिन्हं होती. कचरा ओळखण्याची जेवढी लक्षणं फिल्टरला शिकवली जातात, ती सगळी जिवाच्या आकांताने लिहिलेल्या मेसेजात असतात. संकटाच्या दिवसासाठी हा नियम बंद करण्याची सोय आधीपासून करून ठेवा, आणि तो कोण बंद करणार हेही ठरवा. त्याच काळात बनावट नंबरही फिरले होते, त्यामुळे नियम बंद असताना दोन जणांनी आलेले नंबर लावून बघायचे आणि चालू-बंद असा शेरा खाली टाकायचा. हे काम फिल्टरला जमत नाही.

राजकारण, टोमणे, वैताग यांना अडवूच नका. तक्रार आली तर बघा.

'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी दुहेरी बाणाची खूण असलेल्या मेसेजांसाठी न अडवताही उपाय आहे. व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये अशा वारंवार फिरणाऱ्या मेसेजांसाठी ती एकावर आणली. त्यानंतर या मेसेजांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने जाहीर केलं. एकही मेसेज वाचला नाही, उडवला नाही, फक्त वाटेत अडसर ठेवला. ग्रुपवरही असा अडसर नियमाने ठेवता येतो : दुहेरी बाणाचा मेसेज टाकायचा असेल तर तो कधीचा, कुठला आणि कोणाकडून कळला, एवढं वर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ज्याला ते माहीत नाही, तो बहुधा टाकत नाही.

"चार चांगले अडकले तर काय बिघडलं?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. चुकून अडकणारे कोणीही चिठ्ठी टाकून निवडलेले नसतात. अडकतात ते नवे सदस्य, क्वचित लिहिणारे, रोमन लिपीत मराठी लिहिणारे, आगरी किंवा मालवणीत मोकळेपणाने बोलणारे. आपल्याला दिलेली शिवी जशीच्या तशी उद्धृत करून छळाची तक्रार करणारी बाई तर हमखास अडकते, शिवी देणारा मात्र खासगी मेसेजमध्ये दिल्यामुळे सुटलेला असतो. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या ट्विटांवर आक्षेपार्हतेचा शिक्का दुपटीपर्यंत अधिक वेळा बसत असल्याचं दिसलं होतं. जी बोली यंत्राने कमी वाचली, तिच्याबद्दल ते चटकन वाईट मत करून घेतं. आणि एकदा विनाकारण अडकलेला माणूस भांडत बसत नाही, तो लिहिणं सोडतो. म्हणून हे नुकसान ॲडमिनला दिसतच नाही.

"मग सगळं मोकळं सोडा, लोक शहाणे आहेत"

लोक शहाणे असतात, पण घाबरलेल्या माणसाला थांबून विचार करायला वेळ नसतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती भिक्षुकी करणारी माणसं होती, आणि मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज त्याआधी भागात फिरत होते. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हाही हे झालं आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात, पाण्याचा लोंढा येतोय या अफवेने चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली.

'टोळी फिरतेय', 'धरण फुटलं', 'अमक्या जातीच्या, धर्माच्या लोकांनी असं केलं' अशा मेसेजांना मोकळीक देणं म्हणजे उदारपणा नव्हे. हे मेसेज आधी थांबवा, मग तपासा. पावसापाण्याबद्दलची शंका महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर विचारता येते, टोळीबद्दलची स्थानिक पोलीस ठाण्यात. तपासून खरं निघालं तर ॲडमिनने स्वतःच्या नावाने टाकावं. दहा मिनिटांचा उशीर इथे परवडतो, कारण खरं संकट असेल तर ते दुसऱ्या वाटेनेही कळतं.

"ॲडमिनवरच गुन्हा दाखल होतो, म्हणून कडक राहावं लागतं"

ही भीती बरीच पसरलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये यावर स्पष्ट निकाल दिला : सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला एवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचा सामायिक हेतू किंवा आधीची आखणी दिसायला हवी. मेसेज पडण्याआधी तो रोखण्याचा अधिकार ॲडमिनकडे नसतो, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं. म्हणजे केवळ खटल्याच्या भीतीने तीनशे लोकांची तोंडं बंद करण्याचं कारण नाही. तक्रार आल्यावर मात्र हातावर हात ठेवून बसू नका.

"हा आमच्या अभिव्यक्तीवर घाला आहे"

राज्यघटनेच्या कलम १९ मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्धचं संरक्षण आहे. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाला आव्हान दिलं गेलं, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. तिथे दुसऱ्या बाजूला सरकार होतं. सोसायटीचा ग्रुप म्हणजे सरकार नव्हे, त्याला आपले नियम करता येतात.

तरीही या आक्षेपात तथ्य असतं, विशेषतः पुनर्विकासाच्या वेळी. विकासकाच्या प्रस्तावावर प्रश्न विचारणारे मेसेज 'वातावरण बिघडवणारे' म्हणून उडवले जाऊ लागले, तर तो फिल्टर राहत नाही, ती बाजू घेणं होतं. यावर उपाय सोपा आहे. सूचनांचा ग्रुप वेगळा, तिथे फक्त ॲडमिन लिहितील. चर्चेचा ग्रुप वेगळा, तिथे सगळे लिहितील. समितीवरच्या टीकेचा मेसेज समितीच्याच माणसाने उडवायचा नाही, तो निर्णय समितीबाहेरच्या ॲडमिनने घ्यायचा. आणि गुपचूप अडवू नका. लिहिणाऱ्याला आपला मेसेज दिसतोय आणि इतर कोणाला दिसत नाही, असं करण्याची सोय काही ठिकाणी असते. अट्टल जाहिरातदारासाठी ती ठीक, शेजाऱ्यासाठी नाही.

"आता एआय आहे, ते बघून घेईल"

एआय संदर्भ बऱ्यापैकी ओळखतं, व्हरांड्याला शिवी समजत नाही. पण शेवटी तेही गुणच देतं आणि उंबरठा तुम्हालाच ठरवावा लागतो. मराठी द्वेषपूर्ण मजकूर ओळखण्यासाठी २०२२ मध्ये पुण्याच्या एल३क्यूब गटाने 'महाहेट' हा २५,००० हून अधिक ट्विटांचा संच तयार केला. मोलाचं काम आहे ते. मात्र ट्विटची भाषा आणि चाळीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून होणारं भांडण यांत बराच फरक असतो. करोनाच्या सुरुवातीला माणसं कमी पडली म्हणून यूट्यूबने यंत्रावर जास्त भिस्त ठेवली. एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत १ कोटी १४ लाख व्हिडिओ उडाले, आणि ज्यांनी दाद मागितली त्यांच्यापैकी परत मिळणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या सुमारे २५ टक्क्यांवरून ५० वर गेलं. जगातल्या सगळ्यात सधन कंपन्यांपैकी एकीचा हा अनुभव आहे.

उंबरठा प्रत्यक्ष कसा ठरवायचा

नवा नियम लावताना पहिले दोन आठवडे त्याला काहीच अडवू देऊ नका, फक्त काय अडवलं असतं ते टिपू द्या. त्यातले पन्नास मेसेज काढून दोन वेगवेगळ्या ॲडमिनांनी एकमेकांना न विचारता चांगलं की वाईट ते लिहावं. दोघांचंच जर पन्नासातल्या दहा-बारा मेसेजांवर जुळत नसेल, तर आधी ग्रुपचा नियम नीट लिहा, फिल्टर नंतर बघू. जुळत असेल तर निर्दोष किती ते मोजा. नुसतं थांबवून माणसाने तपासायचं असेल, तर पन्नासांत वीस निर्दोषही चालतील, तेवढे हात असतील तर. तपासणी न करता सरळ उडवायचं असेल, तर पन्नासांत एकापेक्षा जास्त निर्दोष चालणार नाही. हा आमचा ठोकताळा आहे, पण तो सैल धरू नका.

अडकलेलं तपासतात, सुटलेलं कोणी बघत नाही. म्हणून महिन्यातून एकदा न अडकलेल्या मेसेजांतूनही कोणतेही शंभर उचलून वाचा. त्यात काही वाईट आढळलं तरच उंबरठा खाली आणा. एका संतापजनक मेसेजवरून कधीही आणू नका.

नव्या सदस्याचे पहिले तीन मेसेज, त्यात लिंक किंवा फोन नंबर असेल तरच, थांबवा. पुढे तो मोकळा. एवढ्या एका नियमाने जाहिरातदारांचा बराच त्रास मिटतो, कारण ते तीन मेसेजांपर्यंत थांबत नाहीत.

मेसेज अडवला की लिहिणाऱ्याला कारण एका ओळीत कळवा, आणि चोवीस तासांत दुसऱ्या ॲडमिनकडे दाद मागता येईल असं ठेवा. अडवलेल्याची साधी वही असावी : तारीख, नियम, कोणी अडवलं, पुढे काय झालं. फसवणुकीचा मेसेज असेल तर तो उडवण्याआधी पाठवणाऱ्याच्या नंबरसकट स्क्रीनशॉट घ्या, कारण मेसेज गेला की पुरावाही जातो. कोणाचे पैसे गेले असतील तर त्यांना ग्रुपवर चर्चेत न अडकवता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ते गोठवता येतात, आणि तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.